गोळीच्या आधीचा पंचनामा

आपल्या लोकप्रिय पोलीसपटांत तपास नसतो. पाठलाग असतो, हाणामारी असते, मंत्र्याच्या कॉलरला हात घालणारा अधिकारी असतो. पण घटनास्थळी गुडघ्यांवर बसून वाळलेल्या रक्ताचा नमुना घेणारा, पाकिटाला लाखेचं सील लावणारा आणि त्यावर पंचांच्या सह्या घेणारा पोलीस कधी दिसत नाही, कारण कथेला त्याची गरजच नसते. गुन्हा कोणी केला हे पहिल्या अर्ध्या तासात कॅमेऱ्याने दाखवून टाकलेलं असतं. प्रेक्षक म्हणून आपण त्या गुन्ह्याचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार झालेलो असतो. मग कोर्टाचा प्रसंग येतो. न्यायाधीशाला काहीच माहीत नसतं आणि आपल्याला सगळं माहीत असतं. खलनायकाचा वकील पुरावा मागतो तेव्हा ते मागणंच आपल्याला निर्लज्ज वाटतं. आरोपी सुटतो, नायक पिस्तूल काढतो आणि थिएटर टाळ्यांनी दणाणून जातं.

टाळ्या वाजवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला तारीख म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असतं. देशभरातल्या न्यायालयांत मिळून पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं होतं. इतक्या वर्षांनंतरही आपण २१च्या आसपास रेंगाळतो आहोत. तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या खटल्याकडे अख्खा देश डोळे लावून बसला होता. जलदगती न्यायालयाने नऊ महिन्यांत निकाल दिला, तरी फाशीची अंमलबजावणी व्हायला २० मार्च २०२० उजाडावा लागला. ज्या खटल्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, त्यातल्या फिर्यादीने किती वर्षं धरून चालावं? बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण देशात ३० टक्क्यांच्याही खाली आहे. हे सगळं माहीत असलेल्या माणसाचा संताप खोटा कसा म्हणायचा?

माझं भांडण आहे ते त्या संतापाला दाखवल्या जाणाऱ्या दिशेशी. सिनेमा सांगतो, पोलीस जिवावर उदार होऊन गुन्हेगार पकडतात आणि कोर्ट त्यांना सोडून देतं. तेव्हा कोर्टाला बाजूला सारा आणि पोलिसांचे हात मोकळे करा. प्रत्यक्षात फौजदारी खटला कोर्टात हरला जातो खरा, पण अनेकदा तो बिघडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी, पोलीस ठाण्यात. ज्या ठिकाणी खटला बिघडतो त्याच ठिकाणाला निकाल द्यायचे आणि शिक्षा करायचेही अधिकार देऊन टाकावेत, असं हे चित्रपट आपल्याला वर्षानुवर्षं सुचवत आले आहेत. ते आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातली विसंगतीही आता खटकत नाही.

खुनाच्या एखाद्या साध्या खटल्याचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आरोपी कोठडीत सांगतो, चाकू अमुक झुडपात टाकलाय, दाखवतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. का चालत नाही, तर तो कसा मिळवला जातो हे कायदा करणाऱ्या इंग्रजांनाही माहीत होतं. मात्र आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं त्याचं निवेदन ग्राह्य धरता येतं. त्यासाठी पंच लागतात. रात्री-अपरात्री पोलिसांबरोबर जाऊन पुढची दहा वर्षं कोर्टाचे हेलपाटे कोण ओढवून घेणार? मग ठाण्यात ऊठबस असलेलाच कोणीतरी पंच होतो. पंचनामा लिहिला जातो तो ठरलेल्या मजकुराच्या साच्यात, आणि तो झुडपाजवळ लिहिला की ठाण्यात येऊन, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. चाकू कागदात गुंडाळला जातो. सील केव्हा लावलं, मुद्देमाल खोलीत तो किती दिवस पडून होता, प्रयोगशाळेत कोणी आणि कधी नेऊन दिला, या नोंदी अर्धवट राहतात. सी. ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषण अहवाल, यायला महिनोन्‌महिने लागतात. खटला बोर्डावर येईपर्यंत पाच-सात वर्षं सहज उलटतात.

मग पंचाला समन्स जातं. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, “साहेबांनी सही करायला सांगितली, मी केली. माझ्यासमोर काही सापडलं नाही.” सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायला लावतात आणि उलटतपासाचे चार प्रश्न विचारतात. तपास अधिकारी एव्हाना दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो किंवा निवृत्त झालेला असतो. तो येतो, फाइल चाळतो, “कागदपत्रांवरून सांगतो” म्हणतो. बचावाचा वकील फार काही करत नाही. जप्तीपासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत हा चाकू कुठे होता, एवढंच विचारतो. उत्तर नसतं, आणि आरोपी सुटतो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी येतात, पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. वाचणारा म्हणतो, बघा, कोर्टाने सोडला. पुरावा नव्हता की होता आणि तो हातचा घालवला, हा प्रश्न त्या चार ओळींत मावत नाही. सिनेमात तर तो कुठेच मावत नाही, कारण तो विचारला की नायकाच्या खात्याचीच झडती घ्यावी लागेल.

यात एकेका पोलिसाला दोष देऊनही भागणार नाही. तपास करणारा तोच अधिकारी सकाळी मोर्चाच्या बंदोबस्ताला असतो, दुपारी मंत्र्याच्या दौऱ्यात आणि रात्री गस्तीवर. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की तपासाची शाखा कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळी करा, अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, बदल्या-बढत्यांत राजकारण्यांचा हात नको. तो आदेश राज्याराज्यांत कसा पाळला गेला, म्हणजे बहुतेक ठिकाणी कसा पाळला गेला नाही, यावर कोणाला पोलीसपट करावासा वाटलेला नाही. खरं तर त्यात भरपूर नाट्य आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याची घुसमट त्या आदेशाच्या पानापानावर आहे.

आता ज्या दोन घटनांनी आपल्याकडे सिनेमातला न्याय खरा झाल्याची भावना निर्माण केली, त्यांकडे येतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवर अत्याचार करून तिला मारण्यात आलं. ती बेपत्ता झाली त्या रात्री घरचे पोलिसांकडे धावले, तेव्हा तक्रार नोंदवण्यात चालढकल झाली आणि त्यासाठी पुढे तीन पोलिसांना निलंबित करावं लागलं. ६ डिसेंबरच्या पहाटे, पकडलेले चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. दिवस उजाडला तसे लोक जमले, पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या अहवालाने म्हटलं की पोलिसांनी जीव घेण्याच्या उद्देशानेच गोळ्या झाडल्या आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालायला हवा. आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवली. मेलेल्या चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते.

फुलं उधळणाऱ्यांना हे वय माहीत नव्हतं. गोळ्या झाडण्यापूर्वी ते कोर्टात तपासलंही गेलं नव्हतं. हे चौघेच गुन्हेगार होते का, चौघांचाही वाटा सारखा होता का, हेही कोणत्या न्यायालयात शपथेवर तपासलं गेलं नाही आणि आता कधीच जाणार नाही. त्या मुलीच्या बाबतीत त्या रात्री नेमकं काय घडलं, याचं सत्य शोधण्याचा मार्गच त्या पहाटे बंद झाला.

बदलापूरची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं. तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून तो मेला. लगोलग ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं.

या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एकच आकृती दिसते. आई-बाप दारात उभे असतात तेव्हा ठाणं थंड असतं. वही उघडत नाही, हद्दीचा वाद निघतो, “थांबा, साहेब येऊ द्या” होतं. लोक रस्त्यावर आले की तेच ठाणं अचानक तत्पर होतं आणि शेवटी गोळीपर्यंत पोचतं. मधलं सगळं गळून पडतं. पंचनामा, वैद्यकीय तपासणी, आरोपपत्र, साक्ष, उलटतपास यांतलं काही उरत नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटलाही मिटतो. शाळेत हे घडलं कसं, कोणाला कळलं होतं, कोण गप्प बसलं, तक्रार घ्यायला उशीर कोणी आणि का केला, या प्रश्नांची उत्तरं खटल्यात निघाली असती. मुख्य आरोपी गेला की बाकीच्यांवरचा दाबही ओसरतो. म्हणून ज्यांना त्या मुलींबद्दल खरोखर पोटतिडीक आहे, त्यांनीच त्या गोळीवर सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात प्रश्न विचारायला हवा होता असं मला वाटतं. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्यालाच “तू बलात्काऱ्याच्या बाजूचा” असं सुनावलं गेलं.

‘नराधम होते, मेले, बरं झालं’ हे वाक्य या दिवसांत फार ऐकू येतं. त्यात गृहीत धरलेलं असतं की माणूस तोच होता. सिनेमातला नायक चुकीच्या माणसाला कधीच मारत नाही, कारण पटकथा लिहिणाऱ्याने त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. खऱ्या पोलिसांना अशी सोय नसते. महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. जून २००३ मध्ये एका झोपडीत रात्री दरोडेखोर शिरले. पाच जणांचे खून झाले, घरातल्या बाईवर आणि मुलीवर अत्याचार झाले. ती बाई, त्या घरातली आई, कशीबशी वाचली. गुन्हा इतका भयानक होता की नुसता वाचूनही हात थरथरतात. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप मिळालेल्या त्या तिघांचीही फाशी पुन्हा कायम केली.

पुढे फेरविचारात तीच फाइल सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उघडली गेली आणि तिच्यात एक कागद होता. घटनेनंतर लगेचच पोलिसांनी त्या वाचलेल्या आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातून चार माणसं ओळखली होती. ती चारही माणसं या सहा जणांपैकी नव्हती. तिचा तसा जबाब नोंदलेला होता. पोलिसांनी त्या चौघांचा तपासच केला नाही. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तोपर्यंत जवळपास सोळा वर्षं उलटून गेली होती.

या खटल्यात न्यायालयंही चुकली, आणि एकदा नव्हे, प्रत्येक पायरीवर. ती चूक मी लपवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी तोच कागद नीट वाचला असता तर? हा प्रश्न व्यवस्थेला झोपू देऊ नये असाच आहे. पण कागद होता आणि माणसं जिवंत होती, म्हणून चूक दुरुस्त करता आली. २००३ च्या त्या उन्हाळ्यात एखाद्या ‘डॅशिंग’ अधिकाऱ्याने या सहा जणांना रानात नेऊन उडवलं असतं, तर गावोगाव त्याचे सत्कार झाले असते. त्या आईने ओळखलेल्या चौघांचं नाव पुन्हा कोणाच्या तोंडी आलं नसतं. तिला तरी त्यातून काय मिळालं असतं? तिने तर बोट दाखवून सांगितलं होतं. तिचं ऐकलं गेलं नाही, आणि ते न ऐकणारे हात कोर्टाचे नंतर, पोलिसांचे आधी होते.

चकमकीत मरतात ते बहुधा वकील न परवडणारे. भटके, झोपडपट्टीतले, परप्रांतातून पोट भरायला आलेले, लहानसहान गुन्ह्यांची नोंद आधीच अंगावर असलेले. सिनेमातला खलनायक मात्र जवळजवळ नेहमी धनाढ्य असतो, आमदार असतो, बिल्डर असतो. पडद्यावर आपण मोठ्या माशाच्या मरणाला टाळी देतो. तिच्यातून तयार झालेली संमती प्रत्यक्षात लहान माशांवर वापरली जाते. प्रत्यक्षातले बडे आरोपी चकमकीत जात नाहीत, जामिनावर जातात.

सगळेच चित्रपट असे भाबडे नसतात. १९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवावा. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. त्यातला फौजदार अनंत वेलणकर शेवटी बडा गुंड रामा शेट्टीचा गळा आवळतो, तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याआधी त्याच वेलणकरने कोठडीत एका भुरट्या चोराला मारून मारून संपवलेलं असतं, ते मात्र फारसं कोणी बोलत नाही. तो चोर रामा शेट्टी नव्हता. तो फक्त हाताशी होता, आणि वेलणकरला वरच्यांनी, बापाने, व्यवस्थेने दिलेली सगळी चीड त्याच्यावर निघाली. तेंडुलकरांनी ही दोन मरणं एकाच माणसाच्या हातून घडवली आणि शेवटी त्या माणसाला पोलीस ठाण्यात हजर व्हायला लावलं, हे मला त्या चित्रपटाचं खरं धैर्य वाटतं. नंतरच्या पोलीसपटांनी त्यातला गळा आवळणारा हात तेवढा उचलला आणि कोठडीतलं प्रेत मागे टाकलं.

तसंच ‘दामिनी’चं. १९९३ च्या त्या चित्रपटातल्या वकिलाचा तारखांवरचा संवाद आजही प्रत्येक वादात फेकला जातो. पण गोष्ट कोणाची आहे? एका साक्षीदाराची. सासरच्या घरात घडलेला अत्याचार तिने पाहिला आहे, आणि दबाव आला, बदनामी झाली, वेड्यांच्या इस्पितळात डांबलं, तरी ती फिरत नाही. निकाल लागतो तो कोर्टातच, तिच्या साक्षीवर. आपल्याकडचे खटले पाडणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे साक्षीदार फिरणं, आणि हिंदी सिनेमाने एकदा तरी न फिरणाऱ्या साक्षीदाराला नायिका केलं होतं. आपण लक्षात ठेवलं वकिलाचं ओरडणं.

मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये पोलीस सुधारणांवरच्या एका कार्यक्रमात नेमकं हेच दुखणं बोलून दाखवलं होतं. ‘सिंघम’सारख्या चित्रपटांत न्यायाधीश भित्रे, जाड भिंगाचे, गबाळे दाखवतात, एकटा पोलीस न्याय करतो आणि प्रेक्षक म्हणतात न्याय झाला, पण तो खरंच झाला का, असा त्यांचा रोख होता. त्यावर समाजमाध्यमांत त्यांची टिंगल झाली. न्यायाधीशच न्यायालयाची बाजू घेणार, असं लोक म्हणाले. पण त्यांचं म्हणणं एका न्यायाधीशाची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. चकमकीला पडद्यावर मिळालेली मान्यता पुढे प्रत्यक्षातल्या चकमकीला मिळते, हे आपण बदलापूरनंतर फलकांवर वाचलं.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात जड जाणारं उदाहरण नागपूरचं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं मला पटत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादवला मारलं. वर्षानुवर्षं त्याने त्या वस्तीवर दहशत बसवली होती. बलात्कार, खून, खंडणी, घरात घुसून बेअब्रू करणं. पकडला जायचा, जामिनावर सुटायचा, परत येऊन तक्रार करणाऱ्यालाच छळायचा. त्या दिवशीही तो सुटणार असं बायकांना वाटलं. २०१४ मध्ये न्यायालयाने या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

त्या बायकांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, आणि वस्तीबाहेरच्या कोणालाच तो नसावा. तरी ही घटना सिनेमाच्या बाजूने उभी करता येत नाही. पोलिसांचे हात कायद्याने बांधलेले होते म्हणून अक्कू मोकाट होता, असं वस्तीचं म्हणणं कधीच नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की पोलीस त्याला सामील होते, आपण तक्रार दिली की ती त्याच्यापर्यंत पोचायची. म्हणजे खटला इथेही ठाण्यातच मेला होता. त्या बायकांना हवा होता तो तक्रार लिहून घेणारा आणि ती बाहेर न फोडणारा पोलीस. पिस्तूलवाला ‘सिंघम’ त्यांनी मागितलाच नव्हता.

जमावाच्या न्यायाची दुसरी बाजूही महाराष्ट्रानेच पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मारणाऱ्यांची खात्री नागपूरच्या बायकांइतकीच पक्की होती. फरक फक्त वस्तुस्थितीत होता, आणि वस्तुस्थिती काय हे ठरवण्याचं काम जमावाला जमत नाही. ते काम वेळखाऊ आहे, रटाळ आहे, त्यावर टाळ्या पडत नाहीत.

चकमकींचा हिशेब मुंबईने फार आधीच मांडला आहे. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेले सुमारे १३५ लोक, यांवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. चकमकीचा तपास त्याच पथकाने करू नये, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे, आणि चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती देऊ नये. शेवटची अट फार बोलकी आहे. मारण्यावर बक्षीस लागलं की मारण्याचा धंदा होतो, हे त्या नव्वदच्या दशकाने दाखवून दिलं होतं.

त्या धंद्याचा एक नमुना कोर्टात सिद्धही झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये लखनभैया नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पोलिसांनी उचललं. त्याचा भाऊ वकील. त्याने त्याच दुपारी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले, की माझ्या भावाला पळवलं आहे, त्याचा जीव धोक्यात आहे. संध्याकाळनंतर वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. पुढची अनेक वर्षं भाऊ लढत राहिला. मारल्या गेलेल्या माणसाबरोबर उचलला गेलेला मुख्य साक्षीदार २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. तरीही २०१३ मध्ये २१ जणांना शिक्षा झाली, त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, तेव्हा सुटलेल्या एका गाजलेल्या ‘चकमकफेम’ अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. त्याविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. ज्याच्या आयुष्यावरून पडदा धाडसी नायक घडवत होता, त्या कामाचं खरं रूप त्या तारांच्या पोचपावत्यांनी दाखवलं. तारा करणारा वकील भाऊ नसता तर?

संतापाने काय मागायचं, हा प्रश्न उरतो. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या, वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार फिरले म्हणून २००३ मध्ये २१ आरोपी सुटले होते. सर्वोच्च न्यायालयाने खटला राज्याबाहेर, मुंबईत पुन्हा चालवायला लावला आणि २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. साक्षीदाराला भीती वाटणार नाही अशी जागा मिळाली की निकाल किती बदलतो, ते तिथे दिसलं. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ चा आहे, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली देशभराची योजना २०१८ ची. आपल्या जिल्ह्यात त्याखाली किती जणांना संरक्षण मिळालं, हा प्रश्न एखाद्या सभेत आमदाराला विचारलेला मी अजून ऐकला नाही. फाशीची मागणी प्रत्येक सभेत ऐकू येते.

आणि त्या चाकूचं काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत म्हटलं आहे की सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे आणि त्याचं चित्रीकरण झालं पाहिजे. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सगळ्यात मोलाची तरतूद आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ती पूर्ण अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. म्हणजे प्रत्येक तालुक्यातल्या खुनाच्या, बलात्काराच्या जागी प्रशिक्षित माणूस पोचावा यासाठी २०२९ च्या मध्यापर्यंत माणसं नेमायला हवीत, गाड्या हव्यात, प्रयोगशाळांतली रिकामी पदं भरायला हवीत, आणि सी. ए. रिपोर्टला वर्ष लागणार नाही इतकी यंत्रं हवीत. त्याचा पैसा दरवर्षी मार्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या राज्याच्या अर्थसंकल्पातून यायचा आहे. गृहखात्याच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा हे आकडे विधानसभेत वाचले जातात. मुदत संपेपर्यंत मोजकीच अधिवेशनं उरली आहेत.